डावी चप्पल आणि पाच पिशव्या

१

चोरी झाली ती फक्त डाव्या चपलेची.

पंजाबराव पोहोकार भाजीबाजारातून घरी आले तेव्हा त्यांच्या एका हातात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवी जुडी होती, दुसऱ्या हातात काठी होती आणि उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय मोकळा होता. ही बातमी त्यांना अमरावतीच्या रुक्मिणीनगरातल्या स्वतःच्या फाटकाशी, स्वतःच्या पत्नीकडून, म्हणजे गोदाबाईंकडून कळली. तोवर त्यांना तिची काही कल्पना नव्हती.

"चोरली कोणीतरी," पंजाबराव म्हणाले.

"पायातून?"

"आजकाल काही सांगता येत नाही."

पंजाबराव एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. सरकारी विषयावर ते छापील मराठी बोलत आणि राग आला की वऱ्हाडी. चपलेचा विषय त्यांनी सध्या सरकारी ठेवला होता.

थोड्या वेळाने त्यांचे जुने मित्र नत्थुजी सायकलवरून आले. हँडलला डावी चप्पल लटकत होती.

"पिठाच्या गिरणीपाशी पडून होती," नत्थुजी म्हणाले. "रस्त्याच्या मधोमध. तोंड तुमच्या घराकडं. मी म्हटलं चप्पल एकटीच घरी निंगाली का काय."

सगळे हसले. हसला नाही तो गजेंद्र. गजेंद्र हा पंजाबरावांचा धाकटा भाऊ. मोर्शीजवळचा संत्र्यांचा बगीचा तो पाहायचा आणि उरलेल्या वेळात टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका पाहायचा. त्या दिवशी तो संत्र्यांची थैली घेऊन आला होता. त्याने भावाचा हात उजेडात धरला, नखं पाहिली, मग खिशातून मोबाइल काढला आणि बराच वेळ अंगठा चालवला.

"हातपाय बधिर. चामडं काळं. नखं पांढरी," तो म्हणाला. "तिन्ही गोष्टी टाकल्या मी याच्यात. यानं एकच नाव काढलं. आर्सेनिक. म्हंजे आपला सोमल. दादाले कोनीतरी जहर देऊन राहिलं."

स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन रागिणी उभी होती. रागिणी म्हणजे घरची सून, माहेर दर्यापूर, शिक्षण अकोल्याला कृषी पदवीपर्यंत. तिचा आवडता विषय कीटकनाशकं होता. हे सगळ्या नातलगांना ठाऊक होतं, कारण तिच्या लग्नात पंजाबरावांनीच ते प्रत्येकाला कौतुकाने सांगितलं होतं.

ट्रेमधला एकही कप कोणी उचलला नाही.

२

पंजाबरावांनी सुनेवर आरोप केला नाही. आरोप करण्याची एक पद्धत असते आणि ते पद्धतीचे पक्के होते.

"चौकशी पूर्ण होईपर्यंत," त्यांनी रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं, "रागिणीच्या हातचा चहा स्थगित करण्यात येत आहे. ही शिक्षा नाही. हे फक्त निलंबन आहे."

"मामाजी, चहा सगळ्यायचा एकाच गंजात उकळते," रागिणी म्हणाली. "तुमाले झालं ते कोनाले तरी आनखी व्हाले पाह्यजे ना?"

"याचा विचार चौकशीत होईल."

चौकशी कोण करणार हे मात्र ठरलं नव्हतं. रागिणीचा नवरा पियुष याने दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या आणि सकाळी बँकेत निघून गेला. गोदाबाईंनी तिखटा-हळदीचा डबा उचलून स्वतःच्या कपाटात ठेवला. गजेंद्र मोर्शीला जाताना फाटकातून म्हणाला, "बगीच्यातले रोडगे होऊ द्या. तोवर घरची गोष्ट घरात. मंग मी ठाण्यात जातो."

रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण दरवर्षी संत्री उतरवताना असायचं. म्हणजे रागिणीला तोपर्यंतची मुदत होती.

तिने अकोल्याला फोन लावला.

"पायल, मी रागिणी."

"बोल व. इतक्या सकाळी?"

"माह्या सासऱ्याले मी जहर देऊन राहिली म्हनते."

"देऊन राहिली का?"

"नाई."

"मंग रडून काहून राहिली?"

"रडून नाई राहिली. भाजीले फोडनी देऊन राहिली, ठसका लागला. आयक. मैत्रीण म्हनून येऊ नको. मी केलं असंन तर मले धर. दुसऱ्यानं केलं असंन तर त्याले धर. पन कोनाले तरी धर. नाई तर हे घर जलमभर माह्या हाताकडं असंच पाहत राहीन."

डॉ. पायल तायडे अकोल्यात मज्जातंतूंच्या डॉक्टर होत्या. रुग्ण त्यांना नसांच्या मॅडम म्हणत. शिकताना त्या आणि रागिणी एकाच भाड्याच्या खोलीत राहत. तेव्हा पायल रागिणीच्या हातचा चहा सलग काही वर्षं प्यायल्या होत्या आणि अजून जिवंत होत्या. पण हा पुरावा कोणत्याही चौकशीत टिकला नसता, हे त्यांनाही कळत होतं.

रविवारी त्या अमरावतीला आल्या.

३

पायलनी आधी चपलेची हकिकत ऐकली. दोनदा ऐकली.

"चप्पल रस्त्याच्या मधोमध होती आणि तोंड घराकडे होतं?"

"बरोबर घराकडं," नत्थुजी म्हणाले.

"म्हणजे चोर चालता चालता काढून घेऊन गेला आणि मग तिथंच, चालण्याच्या दिशेने, व्यवस्थित ठेवून गेला."

"चोर सज्जन असंन."

"किंवा चोर नसेल. काका चालत होते, चप्पल पायातून निसटली आणि ती निसटल्याचं पायाला कळलंच नाही. गिरणीपासून फाटकापर्यंत डांबराचा रस्ता अनवाणी, तेही कळलं नाही." त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. पायलना लिहायची सवय नव्हती. "नत्थुजी, तुम्ही काकांना काही औषध देता का?"

नत्थुजींचा चेहरा पडला. ते वर्षभर पंजाबरावांना ताकदीचं चूर्ण आणून देत होते. अकोटच्या एका वैद्याकडचं. जहराचा विषय निघाल्यापासून त्यांची झोप उडाली होती.

"तुम्ही स्वतः घेता?"

"त्याच डबीतून. निम्मं त्यायले, निम्मं मले."

"आणि तुम्हाला काय झालं?"

नत्थुजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "भूक वाढली."

मग गोदाबाई. गोदाबाईंनी पायलना घरामागे कुंड्या दाखवायला नेलं. घरात बोलता येत नव्हतं म्हणून.

"मले सुनेवर संशय नाई घ्याचा, बाई," त्या म्हणाल्या. "पन मानूस डोयांसमोर वाळून राहिला. हातपाय काटक्या अन् पोट तेवढं पुढं. घोटे सुजलेले. बोटातली आंगठी निंगत नाई. पायावर केस असे वाढले की न्हाव्यानं इचारलं, साहेब, कंबल घेतलं का."

"आणखी काही बदललं?"

"सोभाव. मागचा उन्हाळा आठोते मले. अमरावतीचा मे महिना, कूलर सुरू, अन् हे गळ्यापर्यंत बटनं लावून बसलेले. दरवर्षी उघडे बसत. मी म्हटलं, कोन येनार हाये? तं म्हनते, शिस्त पाह्यजे."

पायल कुंडीतल्या कढीपत्त्याकडे पाहू लागल्या. तो पुरुषभर वाढला होता.

"याले या साली काय झालं काय माईत," गोदाबाई म्हणाल्या. "अख्ख्या कॉलनीले पुरून उरते."

कढीपत्त्याच्या बुडाशी मातीत मेथीचे कोंब आले होते. दाट, हिरवे, कोणी मुद्दाम पेरल्यासारखे.

"घरात मेथी भिजवून कोण खातं?"

"हेच. साखर वाढली तेव्हापासून. रागिणी रोज रातीची भिजवते अन् सकाळी वाटीत पाण्यासकट देते." गोदाबाईंनी कुंडीला टेकलेला हात मागे घेतला. "बाई, जहर त्याच्यातच असंन का?"

पायलनी एक कोंब उपटून चघळला.

"आपण काकांनाच विचारू," त्या म्हणाल्या.

४

पंजाबरावांच्या खोलीत भिंतीवर पाच खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एक कापडी पिशवी.

"ही त्वचा," पंजाबराव काठीने दाखवू लागले. "ही थायरॉइड व साखर. ही हाडं, अकोला. ही पोट, हेही अकोला. आणि ही डोळे. प्रत्येक विभागाचे डॉक्टर वेगळे, कागद वेगळे, गोळ्या वेगळ्या. एकाचं दुसऱ्यात नाही."

"आणि एकाचं दुसऱ्याला सांगतही नाही?"

"मुळीच नाही. मॅडम, मी पूर्ण नोकरी एका तत्त्वावर केली. ज्याचा विषय, त्याचं टेबल. एका टेबलाचा कागद दुसऱ्या टेबलावर गेला की तो कागद राहत नाही, प्रकरण होतं."

"पाय बधिर होतात हे त्वचेच्या डॉक्टरांना सांगितलं?"

"पायाचा आणि त्वचेचा काय संबंध?"

"त्वचा काळी पडली हे हाडांच्या डॉक्टरांना?"

"त्यांना दिसतच असेल."

"दिसत होतीच. त्यांनी तुम्हाला पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना वाटलं तुमचा रंगच तो आहे."

पंजाबराव स्वतःच्या काळ्या मनगटाकडे पाहू लागले. त्याचा फायदा घेऊन पायलनी पाचही पिशव्या खिळ्यांवरून काढल्या आणि पलंगावर एकत्र उलट्या केल्या.

"मॅडम, मिसळतील ना ते," पंजाबराव क्षीण आवाजात म्हणाले.

"तेच करते आहे."

त्यांनी कागद भराभर चाळले. पंजाबरावांच्या पायाच्या अंगठ्याला कंप तपासायचा धातूचा काटा वाजवून टेकवला. पंजाबराव म्हणाले, आवाज येतो, कंप येत नाही. गुडघ्यांवर हातोडी मारली, गुडघे हलले नाहीत. बॅटरीच्या उजेडात डोळ्यांत खोलवर पाहिलं. वर्षात दोनदा चष्मा बदलून दोन्ही वेळा पंजाबरावांनी चष्मेवाल्याला दोष दिला होता. तळहात दाबून पाहिले. ते मऊ होते. शेवटी एक्स-रे खिडकीच्या काचेला लावला. कमरेच्या हाडात डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका होता, खडूने टिंब काढल्यासारखा.

"हे काय म्हणाले?"

"जुना मार. लहानपणी मी बैलबंडीवरून पडलो होतो, असं मीच सांगितलं."

"कोणत्या बाजूवर पडला होता?"

"उजव्या." पंजाबरावांनी एक्स-रेकडे पाहिलं. मग स्वतःच्या कमरेकडे. मग पुन्हा एक्स-रेकडे.

"मेथी कधीपासून कढीपत्त्याला घालता?"

आता त्यांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. "पोळ्यापासून," ते हळूच म्हणाले. "लय कडू लागते, मॅडम. पन पोरगी येवढं करून देते, तं नाई म्हननं जमत नाई."

"पोळ्यापासून तब्येत सुधारली की बिघडली?"

"बिघडली. पोळ्याले बैलायमागं चालत गेलो होतो. आता खाली बसलो तं उठवाले दोघं लागते."

"ठीक. आता शर्ट काढा."

पंजाबरावांनी दोन्ही हात गळ्याशी नेले.

"तो विषय," ते एकदम छापील मराठीत म्हणाले, "कोणत्याच टेबलाचा नाही."

५

शर्टाखाली काय होतं ते पायलनी बाहेर कोणाला सांगितलं नाही. दार उघडून त्या बाहेर आल्या तेव्हा व्हरांड्यात गोदाबाई, नत्थुजी, रागिणी आणि मोर्शीहून मुद्दाम आलेला गजेंद्र असे सगळे उभे होते.

"जहर नाही असं मला वाटतं," पायल म्हणाल्या. "पण वाटून चालणार नाही. सोमलाचीही तपासणी करू."

"मंग हे करून कोन राहिलं?" गजेंद्रने विचारलं.

"कोणीतरी आहे. या घरातच राहतो, काकांच्या फार जवळचा आहे आणि एकटाच सगळं करतो. मला त्याचा पत्ताही बहुतेक कळला आहे. फक्त ओळख पटायची आहे."

एवढं बोलून त्या अकोल्याच्या बसला निघून गेल्या. घरातल्या प्रत्येकाने त्या रात्री बाकीच्या प्रत्येकाकडे पाहिलं. पंजाबरावांच्या फार जवळचे म्हणून नत्थुजी दोन दिवस फिरकलेच नाहीत.

सोमलाचा अहवाल आला. नखं, केस, लघवी, कशातही काही नव्हतं.

"दुसरं जहर असंन," गजेंद्र फोनवर म्हणाला. "बजारात काय एकच भेटते?"

मग रक्ताचा अहवाल आला. पायलनी रक्तात एक ठरावीक प्रथिन शोधायला सांगितलं होतं. ते असेल तर त्यांचा तर्क खरा. अहवालात लिहिलं होतं की तसं काही आढळलं नाही.

त्या संध्याकाळी रागिणीने फोन केला.

"म्हंजे तू चुकली."

"अजून नाही."

"पायल, रोडगे जवळ आले. गजेंद्रकाकायनं वकीलही पाहून ठेवला. पियुष मले म्हनते, थोडे दिवस दर्यापूरले जाऊन ये. थोडे दिवस म्हनून गेलेली बाई मंग कोनाच्या घरची राह्यते, सांग बरं."

"तू पिठाची चाळणी घेऊन मैदा अडवायला बसली तर अडेल का?"

"नाई."

"मंग चाळनी बदलाची का मैदा नाई म्हनाचं? मले संशय हाये त्या रोगात ते प्रथिन इतकं थोडं असते की साध्या तपासनीत निसटते. मी बारीक चाळनीची तपासनी नागपूरले लावली. अन् काकाच्या कमरेतल्या त्या पांढऱ्या ठिपक्यातून एक तुकडा काढाचा हाये. त्यायले तयार कर."

"मी? ते माह्या हातचं पानी पेत नाई अन् माह्या सांगन्यावरून हाड कोरून घेतीन?"

पण पंजाबराव तयार झाले. रागिणीने त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की चौकशी अधिकाऱ्यांना घटनास्थळाची पाहणी करायची आहे.

६

मोर्शीच्या बगीच्यात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर पडला होता. त्यात रोडगे भाजत होते, शेजारी मोठ्या गंजात वांग्यांची भाजी रटरटत होती आणि संत्र्यांच्या झाडाखाली खुर्चीवर पंजाबराव बसले होते. त्यांना गाडीतून खुर्चीपर्यंत दोघांनी धरून आणलं होतं. रागिणी लांब, विहिरीच्या कठड्याशी उभी होती. तिला कणीक मळू दिली नव्हती.

पायल आल्या. गजेंद्रने त्यांना खाट दिली.

"मॅडम, आज नाव सांगा," तो म्हणाला. "मी कपडे घालून तयार हाओ. इकडून सरळ ठाणं."

"सांगते. आधी नसलेल्यांची नावं सांगते. नत्थुजी, तुम्ही सुटला. तुमच्या डबीतलं निम्मं चूर्ण तुम्ही खाल्लं आणि सायकल मारता."

नत्थुजींनी डोळे मिटून गजानन महाराजांना हात जोडले.

"गजेंद्रकाका, बगीच्यात फवारणी कोण करतं?"

गजेंद्र सावध झाला. "मीच. काहून?"

"अंगाखांद्यावर औषध तुमच्या उडतं आणि पाय काकांचे बधिर होतात, असं होत नाही. तुम्हीही सुटला."

"मी कवा अडकलो होतो?"

"पहिल्या दिवसापासून. बगीचा कोण पाहतं? आता रागिणी. तिच्या हातचं फक्त काकांनाच मिळणारं असं घरात एकच होतं, मेथीचं पाणी. ते पोळ्यापासून काकांच्या पोटात गेलेलं नाही. कढीपत्त्याच्या पोटात गेलं. ज्याने घेतलं तो कढीपत्ता पुरुषभर वाढला. ज्याने सोडलं ते काका खुर्चीला लागले."

गोदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पंजाबराव झाडावरची संत्री मोजल्यासारखं करू लागले.

"आणि सोमल कोणी दिलाच असता, तर तळहात जाड, खरखरीत झाले असते. काकांचे मऊ आहेत. सोमलाने रक्तातल्या पेशी घटतात. काकांच्या रक्त गोठवणाऱ्या पेशी उलट नको तेवढ्या वाढल्या आहेत. आता ज्याने केलं तो." पायल पंजाबरावांकडे वळल्या. "काका, समजा जिल्ह्यात एकाच महिन्यात पाणी बंद झालं, रस्ते खचले, शाळेला रंग भलताच लागला आणि दवाखान्यात चुकीची औषधं आली. तुम्ही काय कराल?"

"प्रत्येक विभागाकडून खुलासा मागवीन."

"प्रत्येकजण म्हणेल माझ्याकडे दोष नाही. आणि ते खरंच असेल. कारण एका कोपऱ्यातल्या लहानशा टेबलावर एका कारकुनाने शिक्का पळवला आहे आणि तो सगळ्या विभागांना खोटे आदेश धाडतो आहे. विभाग बिचारे आदेश पाळत आहेत."

पंजाबराव खुर्चीत पुढे सरकले. कितीतरी दिवसांनी ते आपणहून हलले होते.

"टेबल कुठं हाये?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या कमरेच्या हाडात, डाव्या बाजूला. हाडाच्या मगजात प्लाझ्मा पेशी असतात. रोगाशी लढणारी प्रथिनं बनवणं हे त्यांचं काम. त्यातली एक टोळी तिथं बिघडली. ती एकच खोटं प्रथिन छापते आहे आणि तिच्यामुळे अंगभर अशी रसायनं सुटली की नसांनी काम सोडलं, त्वचा काळी पडली, केस वाढले, थायरॉइड बिघडलं, प्लीहा सुजली, अंगात पाणी धरलं, डोळ्यांच्या नसांवर सूज आली. पाच पिशव्या, आरोपी एक. नागपूरच्या बारीक चाळणीत प्रथिन सापडलं. हाडाच्या तुकड्यात टोळीही सापडली. हजारो डॉक्टरांना जन्मात एकदाही हा रुग्ण दिसत नाही."

"याचं नाव काय?" नत्थुजींनी विचारलं.

"लक्षणांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून नाव ठेवलं आहे. पोएम्स. म्हणजे कविता."

"मी आयुष्यभर कविता टाळली," पंजाबराव म्हणाले.

कोणी हसलं नाही. गोदाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. "बाई," त्या म्हणाल्या, "हा कॅन्सर हाये का?"

"त्याच कुळातला आहे. खोटं सांगणार नाही. पण सगळं अंग तपासलं, टोळी एकाच ठिकाणी आहे, दुसरीकडे पसरलेली नाही. अशा वेळी त्या जागेवर किरणांचा शेक देतात. टोळी गेली की आदेश थांबतात. नसांना सावरायला वेळ लागतो, महिने लागतात, वर्ष लागेल. पण बहुतेक माणसं पुन्हा चालतात."

आर थोडा फुटला, एक गोवरी कोसळली. गजेंद्र मोबाइल हातात घेऊन उभा होता आणि त्याला तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं.

"म्हंजे मी उगाच," तो म्हणाला.

"उगाच नाही. तीन लक्षणं एकाच ठिकाणी मांडणारे पहिले तुम्हीच. पाच डॉक्टरांना ती संधी काकांनी दिली नाही. तुमची पद्धत बरोबर होती, माणूस चुकला."

गजेंद्र विहिरीकडे गेला. मोबाइल त्याने खिशात टाकला. मग म्हणाला, "पोरी, कनीक कमी पडून राहिली. मळतं का?"

"मळतो," रागिणी म्हणाली. "पन आधी ह्या इहिरीतलं पानी तपासून घ्या."

गजेंद्रने मान खाली घातली. ती कणीक मळायला गेली.

खुर्चीतून पंजाबरावांचा आवाज आला. "चौकशी पूर्ण झाली. आरोप सिद्ध झाले नाहीत. निलंबन मागे घेण्यात येत आहे. चहा पूर्ववत."

"असं नाई, मामाजी," रागिणी कणकेतून हात न काढता म्हणाली. "निलंबन खोटं निंगालं तर कर्मचाऱ्याले थकबाकी भेटते. तुमीच सांगत होते."

"नियम तसाच आहे," पंजाबरावांना कबूल करावं लागलं. "काय पाहिजे?"

"जेवढे दिवस माह्या हातचा चहा बंद होता, तेवढे दिवस तुमी करून पाजाल. स्वतःच्या पायानं गॅसपाशी उभं राहून. तोवर मी पूर्ववत नाई करत."

"माझे पाय तर..."

"थांबतो मी," रागिणी म्हणाली.

७

शेक अकोल्यातच मिळाला. पंजाबराव रोज सकाळी दोघांच्या आधाराने गाडीत बसून जात आणि पिशवी एकच नेत. पहिल्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना अंगठ्यापासून चष्म्यापर्यंत सगळं सांगितलं आणि वर उन्हाळ्यात शर्ट का घातला, म्हणजे छाती बायकांसारखी कशी फुगली, तेही सांगितलं. ते इतकं सविस्तर होतं की बाहेरच्या रुग्णांनी दार वाजवलं.

आधी पायांची सूज उतरली. मग आंगठी निघाली. गुढीपाडव्याला पंजाबराव भिंत धरून अंगणात आले. पोळ्याला काठीवर कोपऱ्यापर्यंत गेले, आणि गिरणीपाशी चप्पल निसटली तेव्हा थांबले, मागे वळले आणि ती पायात घातली. हे पाहायला तिथे कोणी नव्हतं. म्हणून घरी येऊन त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं, दोनदा.

त्याच आठवड्यात एका सकाळी रागिणीला स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. ती गेली. गॅसपाशी पंजाबराव उभे होते. दोन्ही पायांवर, दोन्ही चपलांत, एका हाताने ओटा धरून. ओट्यावर साखर सांडली होती, दूध उतू गेलं होतं आणि कपात चहाच्या रंगाचं काहीतरी होतं.

"थकबाकीचा पहिला हप्ता," पंजाबराव म्हणाले आणि त्यांनी कप पुढे केला.

दारात गोदाबाई आल्या. पियुष ब्रश तोंडात ठेवून आला. रविवारचा मुक्काम केलेला गजेंद्र आला. रागिणीने कप घेतला, नाकाशी नेला, सासऱ्यांकडे पाहिलं आणि कप त्यांच्याच हातात परत दिला.

"आधी तुमी घोट घ्या, मामाजी."

गजेंद्र छताकडे पाहू लागला. पंजाबरावांनी सगळ्यांसमोर, नियमाप्रमाणे, एक मोठा घोट घेतला. तो त्यांनी बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

मग सासरा आणि सून दोघांनीही खिडकीतून एकदमच घरामागच्या कुंडीकडे पाहिलं. मेथीचं पाणी बंद झाल्यापासून तिथला कढीपत्ता जरा सुकला होता.

"त्याले काहून त्रास द्याचा," रागिणी म्हणाली. तिने कप घेतला, उरलेला चहा उभ्याउभ्याच पिऊन टाकला आणि दुसरं पातेलं गॅसवर ठेवलं.

"सरा बाजूले, मामाजी. मी करतो."